गर्भ पुन्हा पुन्हा पडतो तेव्हा तपासणी दोघांची



लागणीच्या तारखा, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि साखरेचा उतारा यांवर या पत्रिकेत आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे आणि पुढेही होईल. या अंकात मात्र आम्ही ज्या विषयाला हात घालीत आहोत त्यावर गावात कुजबुज होते, उघड बोलणे होत नाही. सुनेला दिवस जातात, घरात आनंद होतो, आणि दोन-तीन महिन्यांत गर्भ पडतो. एकदा पडतो, दोनदा पडतो, तिसऱ्यांदाही पडतो. मग घर गप्प होते. सून माहेरी जाते, ती कधी परत येते, कधी येत नाही. गेल्या काही दिवसांत गट मेळाव्यांच्या निमित्ताने कार्यक्षेत्रात फिरताना दोन-तीन गावांत भगिनींनी मेळावा उठल्यावर हळूच आमच्याकडे हा विषय काढला. "उसावरचा लोकरी मावा सांगता, तसं हे पण कुणीतरी सांगा की," असे एक आजी म्हणाल्या. म्हणून हा लेख.

गोठ्यातली म्हैस गाभडली तर आपण काय करतो ते आठवून पहावे. पहिल्यांदा गाभडली तर हळहळतो. दुसऱ्यांदा गाभडली की तडक जनावरांचा दवाखाना गाठतो. डॉक्टर रक्त घेतात, सांसर्गिक गर्भपाताचा रोग आहे का ते पाहतात, बाकीची जनावरेही तपासायला सांगतात. म्हशीला कोणी पांढऱ्या पायाची म्हणत नाही, की तिच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधून स्वस्थ बसत नाही. घरच्या लक्ष्मीच्या वाट्याला मात्र अंगारा, गंडा, बाहेरची बाधा आणि शेजारणीची नजर! म्हशीवर बँकेचे कर्ज असते म्हणून तिची एवढी काळजी, असे कोणी म्हटले तर त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

गर्भ पडणे ही काही जगावेगळी गोष्ट नाही, हे आधी समजून घेऊ. दिवस गेल्याचे कळल्यानंतरही शंभरांतील साधारण पंधरा गर्भ आपोआप पडतात, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यामुळे एकदा असे झाले तर घाबरून जाऊ नये. पुढच्या खेपेला बहुतेकींचे सुखरूप पार पडते. वारंवार पडणे मात्र कमी आढळते. शंभर जोडप्यांत एक-दोन असा त्याचा हिशेब डॉक्टर सांगतात. हा आकडा लहान वाटतो, पण दहा हजार जोडपी धरली तर शंभर-दोनशे होतात. एवढ्या लोकांच्या उसाला एखादा रोग लागला असता तर आपण सर्वसाधारण सभा डोक्यावर घेतली असती.

गर्भ पडतो का? लवकर पडणाऱ्या गर्भांचे सर्वांत मोठे कारण गुणसूत्रांत असते. मुलाला बापाकडून २३ आणि आईकडून २३ अशी ४६ गुणसूत्रे मिळतात. ही वाटणी होताना एखादे जास्त पडले किंवा राहून गेले, की तो गर्भ वाढत नाही. लवकर पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त गर्भांत हा दोष सापडतो. हा घोळ गर्भ राहतो तेव्हाच होऊन गेलेला असतो. त्यानंतर सून जीपमधून माहेरी गेली, पपईची फोड खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली, म्हणून काही तो होत नाही. आईचे वय पस्तिशीच्या पुढे सरकले की असे गर्भ राहण्याचे प्रमाण वाढत जाते, हेही खरे. एखाद्या वेळचा दोष हा नशिबाचा भाग. पण तोच प्रकार पुन्हा पुन्हा होऊ लागला, की नशीब बाजूला ठेवून कारण शोधायला निघाले पाहिजे.

कधी निघायचे? पूर्वी तीनदा गर्भ पडेपर्यंत डॉक्टरसुद्धा थांबायला सांगत, आणि काही देशांत अजून तोच आकडा धरतात. युरोपातील मानवी प्रजनन विषयाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात मात्र दोनदा गर्भ पडला की हा वारंवार गर्भपात धरावा, असे म्हटले आहे. आमचेही सांगणे तेच आहे. तिसऱ्या दुःखाची वाट बघण्यात काय हशील आहे?

आता एक गोष्ट पुरुष सभासदांसाठी. उसाची उगवण झाली नाही तर आपण एकट्या जमिनीला शिव्या देतो का? आधी बेणे पाहतो. कुठल्या मळ्यातले होते, किती महिन्यांचे होते, डोळे फुगीर होते का, कांडीला लाल कूज तर नव्हती? शहाणा शेतकरी बेण्याची चौकशी केल्याशिवाय जमिनीवर खापर फोडत नाही. घरात मात्र सगळा दोष जमिनीचा आणि बेणे कायम निवडक जातीचे! बाईला जमीन म्हणण्याची ही जुनी खोड मुळातच बरी नव्हे, पण म्हणायचेच असेल तर हिशेब तरी पुरता करावा. वारंवार गर्भ पडणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरांत दोन ते पाच ठिकाणी नवरा किंवा बायको या दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेली असते. एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जाऊन चिकटलेला असतो. तो माणूस स्वतः धडधाकट असतो, दोन पोती उचलील असा असतो, पण मुलाला वाटणी देताना गडबड होते. ही तपासणी दोघांच्या रक्तावर होते आणि तिला कॅरिओटाइप म्हणतात. खर्च काही हजार रुपये येतो आणि अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. असा दोष सापडला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. यातल्या पुष्कळ जोडप्यांना पुढे निरोगी मूल झालेले आहे. फक्त गुणसूत्रांचे जाणकार डॉक्टर गाठून त्यांचा सल्ला घ्यावा लागतो.

टेलच्या गावची हकिगत

नावगाव सांगत नाही. कालव्याच्या टेलला असलेल्या एका गावचे हे घर, तीन एकर ऊस, वडील जुने सभासद. धाकट्या मुलाच्या बायकोचे पहिले दोन गर्भ अडीच महिन्यांत गेले. तिसऱ्या वेळी सोनोग्राफीत ठोके दिसले होते, सगळ्यांना धीर आला होता, आणि चौथ्या महिन्यात तोही गेला. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांकडे ती जात असे. दर वेळी टॉर्च नावाची तपासणी व्हायची, इंजेक्शनांचा कोर्स व्हायचा, आणि कागद कोणी जपून ठेवायचे नाही. मधल्या काळात देवऋषीही झाला. त्याने घरातल्याच एकीचे नाव घेतले आणि दोन जावांचे बोलणे वर्षभर बंद पडले. चुलत्यांनी तर सरळ सांगितले, "दुसरं स्थळ बघा."

बोलणे इथवर आल्यावर सासूबाईंनी तोंड उघडले. आपल्या लग्नानंतर आपलेही दोन गर्भ गेले होते, हे त्यांनी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत सांगितले. "मला कुणी दवाखाना दाखवला नाही. हिला दाखवा," एवढेच त्या म्हणाल्या. मुलगाही बापाला म्हणाला, "आबा, दुसऱ्या लग्नाचं नंतर बघू. आधी माझं रक्त देतो." त्यानंतर दोघे जण मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासून सगळे विचारून घेतले. कितव्या आठवड्यात पडला, ठोके आले होते का, आधी दुखले की आधी रक्त गेले, घरात कुणाला पायात गुठळी होण्याचा त्रास आहे का. अशा प्रश्नांनीच निम्मी वाट कळते, असे त्यांनी सांगितले. मग रक्ताच्या काही ठरावीक तपासण्या झाल्या आणि त्यांतली एक वाकडी आली.

कधी कधी शरीरात असे काही प्रतिपिंड तयार होतात, की ज्यांच्यामुळे रक्त नको तिथे गोठू लागते. बाळाला पोसणाऱ्या वारेवर त्यांचा घाला पडतो आणि गर्भ जातो. या रोगाला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली तो नीट मांडला, म्हणून त्याला ह्यूज यांचे नावही आहे. नाव अवघड असले तरी तपासणी अवघड नाही. तीन चाचण्या असतात : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-दोन ग्लायकोप्रोटीन यांच्या प्रतिपिंडांची. साधा ताप किंवा संसर्ग होऊन गेल्यावरही या चाचण्या तात्पुरत्या वाकड्या येऊ शकतात. म्हणून बारा आठवड्यांनी त्या पुन्हा करायच्या, आणि दोन्ही वेळा दोष दिसला तरच रोग धरायचा. एका कागदावर औषध सुरू करणाऱ्याला दुसरी तपासणी कधी, हे जरूर विचारावे.

या रोगावर उपाय आहे, ही त्यातली मोठी दिलाशाची बाब. १९९७ साली लंडनच्या डॉक्टरांनी असा दोष असलेल्या ९० स्त्रियांचे दोन गट केले. ४५ जणींना नुसती कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली, त्यांतल्या १९ जणींना मूल झाले. दुसऱ्या ४५ जणींना ॲस्पिरिनबरोबर हेपारिनची इंजेक्शने दिली, त्यांतल्या ३२ जणींच्या मांडीवर मूल आले. आपल्याकडे मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तरोगांचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. वारंवार गर्भ पडणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रियांच्या रक्तातील गुठळीच्या दोषांचा अभ्यास तिथेही झालेला आहे. तेव्हा हा फक्त गोऱ्या लोकांचा आजार, असे समजू नये.

त्या सुनेला पुढच्या वेळी दिवस गेल्यावर ॲस्पिरिन आणि रोज पोटावर एक इंजेक्शन सुरू झाले. रोज दवाखान्यात जायचे तर दिवस मोडणार, म्हणून सिस्टरनी नवऱ्यालाच टोचायला शिकवले. उसाला पाणी पाजायला रात्रीची वीज, त्यामुळे मोटार चालू करायला निघण्याआधी तो हात धुऊन इंजेक्शन द्यायचा आणि मग बॅटरी घेऊन शेतावर जायचा. तिच्या पोटावर निळे-काळे डाग पडले. आठ महिने हा क्रम चालला. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, अडीच किलोची. मुलगी झाली की बर्फी आणि मुलगा झाला की पेढे, अशी आपल्याकडची रीत. सासूबाईंनी पेढे वाटले.

ही हकिगत वाचून कोणी मेडिकलमधून ॲस्पिरिन आणून सुरू करील, म्हणून लगेच सांगतो. ज्यांच्या गर्भपाताचे काहीच कारण सापडलेले नाही अशा स्त्रियांना ॲस्पिरिन आणि हेपारिन देऊन हॉलंडमध्ये मोठा अभ्यास झाला. २०१० साली त्याचा निकाल आला, आणि त्यात काहीही फायदा दिसला नाही. दोष असेल तरच ते औषध, नसेल तर नुसता खर्च आणि रक्त जाण्याची भीती.

शिरोडकर टाका

चुलत्यांनी दुसऱ्या स्थळाचा विषय काढला होता, त्यावरून एक आठवले. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला आणि पहिली बायको हयात असताना, तिच्याशी कायदेशीर फारकत झालेली नसताना दुसरे लग्न करणे गुन्हा ठरले. योगायोग असा, की त्याच १९५५ साली मुंबईच्या एका डॉक्टरांनी वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी आपली नवी शस्त्रक्रिया वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. त्यांचे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा.

काही स्त्रियांचा गर्भ पहिले तीन महिने नीट वाढतो आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येताच बाहेर पडतो. दर वेळी तेच. यांतल्या काही जणींच्या गर्भपिशवीचे तोंड ओझे पेलत नाही, वेळेआधीच उघडते, हे शिरोडकरांनी ओळखले. पोत्याचे तोंड शिवावे तसा त्यांनी पिशवीच्या तोंडाभोवती टाका घातला, आणि त्यासाठी सुरुवातीला त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरली. पुढे १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी याच कामाचा जरा सोपा टाका प्रसिद्ध केला. आज दोन्ही वापरात आहेत आणि जगभर डॉक्टर "शिरोडकर" हे नाव त्या टाक्याचे नाव म्हणून उच्चारतात. भारत सरकारने १९७१ साली त्यांना पद्मविभूषण दिले. आपल्या भाषेतल्या माणसाने केवढे काम केले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आपण लिंबू उतरवीत बसतो!

म्हणून गर्भ कितव्या महिन्यात गेला हे डॉक्टरांना नेमके सांगणे फार महत्त्वाचे. सुरुवातीच्या दोन-अडीच महिन्यांतल्या गर्भपाताला टाक्याचा उपयोग नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार जात असेल तर पुढच्या खेपेला साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात टाका घालतात, किंवा आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी वेळोवेळी मोजत राहतात. ती २५ मिलिमीटरच्या खाली आली तर उपाय करतात. टाका प्रसूतीच्या सुमारास काढायचा असतो. कळा सुरू झाल्या तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा आणि "टाका आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगायचे.

बाकीच्या तपासण्यांविषयी थोडक्यात. गर्भपिशवीत जन्मापासून पडदा असू शकतो, गाठ असू शकते, किंवा आधीच्या क्युरेटिंगमुळे आतले पापुद्रे चिकटलेले असू शकतात. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने हे दिसते. इथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. काही घरांत पूर्वी मुलगी नको म्हणून गर्भ पाडलेला असतो आणि डॉक्टरांपुढे तो लपवला जातो. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासणे गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण पूर्वी क्युरेटिंग झाले होते, कितीदा झाले, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना सुनेने एकटीने तरी सांगावे, आणि तिला एकटीने बोलू द्यावे. सासू, नणंद, नवरा सगळे खोलीत उभे राहिले तर ती काय सांगणार?

थायरॉइड आणि रक्तातली साखर या साध्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात. त्यांत बिघाड असेल तर दिवस जाण्याआधीच औषधाने जागेवर आणता येतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर गर्भ पडल्यावर इंजेक्शन घ्यावे लागते का, हे तिथल्या तिथे, त्याच दिवशी विचारावे. नात्यात लग्न झाले असेल, मामाची मुलगी केली असेल, तर तेही न विचारता सांगावे.

टॉर्च तपासणीचा उल्लेख वर आला. ही आपल्याकडे सर्रास केली जाते. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे जंतुसंसर्ग होऊन गेला आहे का ते तीत दिसते. पण एकदा होऊन गेलेला संसर्ग दर खेपेला गर्भ पाडीत नाही, म्हणून वारंवार गर्भपाताच्या शोधात ही तपासणी करू नये, असेच आता तज्ज्ञ सांगतात. नाव टॉर्च, पण उजेड काही पडत नाही! तसेच नवऱ्याच्या रक्तातील पेशी बायकोला टोचण्याचा एक उपचार काही ठिकाणी मोठ्या रकमेला केला जातो. त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि युरोपातल्या त्याच संस्थेने तो करू नये असे सांगितले आहे. त्यासाठी कोणी सोने गहाण ठेवू नये.

एक तपासणी मात्र आपल्याकडे जवळजवळ कोणी करीत नाही, आणि ती सर्वांत उपयोगाची ठरू शकते. पडलेल्या गर्भाचीच तपासणी. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गर्भ जात असेल तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारावे, की याची गुणसूत्रे तपासता येतील का? त्यासाठी तो तुकडा निर्जंतुक बाटलीत सलाइनच्या पाण्यात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि ही तपासणी नीट होत नाही. गुणसूत्रांचा दोष सापडला तर निदान एवढे तरी कळते, की त्या खेपेला बाईच्या शरीराचा किंवा वागण्याचा काही संबंध नव्हता. मुलगा होता की मुलगी, हे मात्र विचारू नये. ते सांगितले जाणार नाही.

गोठ्याशी संबंध असलेल्या आपल्या घरांसाठी आणखी एक. म्हशी-गाईंचा सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेला जंतूंचा रोग माणसालाही होतो. गरोदरपणात झाला तर गर्भाला धोका असतो. वारंवार गर्भपाताचे हे काही नेहमीचे कारण नव्हे. पण गोठ्यात जनावर गाभडले असेल आणि घरात कुणाला बरेच दिवस ताप, सांधेदुखी असेल, तर डॉक्टरांना सांगावे. गाभडलेल्या जनावराचा जार आणि घाण गरोदर बाईला काढायला लावू नये, दूध उकळूनच प्यावे, आणि कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घ्यावी. फवारणीचे औषध कालवण्यापासूनही तिला दूर ठेवावे. आणि मिश्री! सकाळी दात घासायला म्हणून लावलेली मिश्री दिवसातून पाच वेळा लागते. ती तंबाखूच आहे आणि पोटातल्या बाळाला बाधते. नवऱ्याच्या बिडीलाही हेच लागू.

सगळ्या तपासण्या करूनही निम्म्या किंवा त्याहून जास्त जोडप्यांत काहीच कारण सापडत नाही. हे ऐकून लोक जास्त खचतात. "एवढा पैसा घातला आणि डॉक्टर म्हणतात काही नाही!" वास्तविक दुरुस्त न होणारे काही सापडले नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशा जोडप्यांना पुढच्या खेपेला मूल होण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त असते, आणि वय कमी असेल तर आणखी चांगली. त्यांच्यासाठी वेगळे जालीम औषध नाही. दिवस जाण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी, दिवस गेल्यावर लवकर नाव नोंदवणे, सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि मध्येच रक्त दिसू लागले तर त्याच दिवशी दाखवणे. आधी गर्भपात झालेल्या बाईला सुरुवातीच्या महिन्यांत रक्त जाऊ लागले तर प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो, असे इंग्लंडमधील २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. नऊ महिने खाटेवर झोपून राहिल्याने गर्भ टिकतो, याला मात्र पुरावा नाही. घरातली नेहमीची हलकी कामे केल्याने काही बिघडत नाही. रोजच्या रोज टोमणे ऐकावे लागणे, हे जास्त वाईट.

हलक्या कामावरून आपल्या उसाच्या फडाकडे वळावे लागते. आपला ऊस तोडायला येणाऱ्या कोयत्यातली बाईही गरोदर असते. पहाटे थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन ती गाडी भरते, आणि गर्भ पडला तरी खाडा धरला जाईल म्हणून तिसऱ्या दिवशी फडात उभी राहते. नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली. फडातल्या बाईला ती कोण देणार? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तो ऊस कुणा ना कुणा सभासदाचाच होता. आपल्या फडात अशी वेळ कुणावर आली तर सभासदाने मुकादमाला खाडा धरू देऊ नये, गाडी काढून तिला जवळच्या आरोग्य केंद्रात पोचवावे. संचालक मंडळापुढेही हा प्रश्न ठेवावा, असे आम्ही सुचवितो.

शेवटी कागदांविषयी. उसाच्या बिलाच्या पावत्या आपण दहा-दहा वर्षे ट्रंकेत जपतो. तशीच एक फाईल सुनेच्या नावाने करावी. प्रत्येक वेळी शेवटची पाळी कधी आली होती, गर्भ कितव्या आठवड्यात गेला, सोनोग्राफीचा कागद, क्युरेटिंग झाले असल्यास त्याचा कागद, दोघांचे रक्तगट, दिलेली औषधे, सगळे तारीखवार लावावे. डॉक्टर बदलला तरी फाईल तीच ठेवावी. दवाखान्यात जाताना नवऱ्याने बरोबर जावे; बाहेर टपरीवर चहा पीत न थांबता आत बसावे.

या विषयावर ज्यांना विचारायचे असेल त्यांनी चिठ्ठी लिहून शेतकी ऑफिसच्या बाहेरील पेटीत टाकावी. ऊसनोंदीच्या तक्रारीची लाल पेटी आहे, तिच्या शेजारी या कामासाठी पांढरी पेटी ठेवली आहे. चिठ्ठीवर नाव नको, गाव नको, सभासद क्रमांकही नको. डॉक्टरांना विचारून उत्तरे पुढच्या अंकात छापू.